सत्तरीतलं लायसन आणि गाडीच्या विम्याचा हिशेब

(रौप्यमहोत्सवी वर्षानिमित्त सोसायटीच्या सभागृहात झालेल्या ज्येष्ठ नागरिक मेळाव्यातील भाषण. वक्ते निवृत्त बँक अधिकारी आणि सोसायटीचे पहिल्यापासूनचे सभासद आहेत.)



सेक्रेटरी साहेबांनी मला 'निवृत्तीनंतरचे आर्थिक नियोजन' हा विषय दिला होता. मी म्हटलं, त्या विषयावर या सभागृहात माझी तीन भाषणं झाली आहेत आणि तिन्ही वेळा लोक चहाची वाट पाहत होते. या खेपेस मी माझ्या स्वतःच्या फजितीवर बोलतो. ती तुमच्या जास्त उपयोगाची आहे. मी एकाहत्तराव्या वर्षी गाडी चालवायला शिकलो, हे तुम्हाला माहीत आहेच. ज्यांना माहीत नसेल त्यांनी गेटचा डावा खांब पाहावा.

आपली सोसायटी झाली तेव्हा आवारात मोजून दोन चारचाक्या होत्या. आज पार्किंगवरून सर्वसाधारण सभेत किती वेळ जातो ते मी सांगायला नको. पण त्या गाड्या नीट पाहा. निम्म्यांवर कव्हर आहे. मुलं पुण्याला, हैदराबादला, परदेशात. गाडी इथं, आई-वडील इथं, आणि चालवणारं कोणी नाही. माझीही तीच गोष्ट होती.

मुलगा पुण्याहून नोकरीनिमित्त इंग्लंडला गेला. जाताना त्याची गाडी आमच्याकडे आणून ठेवली. "बाबा, विमा भरलेला आहे, कागद डॅशबोर्डमध्ये आहेत," म्हणाला. मी समाधानाने कव्हर घातलं.

पोळ्याच्या आदल्या रात्रीची गोष्ट. दीड वाजता सौभाग्यवतींना एकाएकी दम लागला. बसवेना, झोपवेना. १०८ ला फोन केला, पण हातपाय थरथरत असताना दहा मिनिटंही तासासारखी वाटतात. खाली गाडी उभी होती, किल्ली माझ्या हातात होती, आणि मी जिन्यात नुसता उभा. शेवटी दुसऱ्या मजल्यावरचे आपले भाऊ लुंगीवर खाली आले. आमच्या गाडीची बॅटरी उतरलेली. त्यांनी स्वतःची गाडी काढली आणि आम्हाला दवाखान्यात पोहोचवलं. सौभाग्यवती आज पहिल्या रांगेत बसल्या आहेत, म्हणून मी हे हसत सांगू शकतो.

त्या घरी आल्यावर मी सवयीप्रमाणे कागद काढले. छत्तीस वर्षं अमरावती आणि अकोल्याच्या शाखांमध्ये लोकांचे तारणाचे कागद तपासले. कर्जदाराच्या ट्रॅक्टरचा विमा आठ दिवसांनी संपत असेल तरी मी पत्र पाठवत असे. आणि माझ्याच पार्किंगमधल्या गाडीचा विमा संपून चार महिने झाले होते! नूतनीकरणाचा मेसेज मुलाच्या बंद झालेल्या नंबरवर येत होता.

मंडळी, त्या रात्री बॅटरी चालू असती तर भाऊ आमचीच गाडी घेऊन निघाले असते, विमा नसलेली. वाटेत कोणाला लागलं असतं तर? उपकार करायला आलेला माणूस आमच्यामुळे कोर्टात उभा राहिला असता. तो विचार आला आणि मला त्या रात्रीपेक्षा जास्त घाम फुटला. त्याच दिवशी दोन गोष्टी ठरवल्या. गाडी शिकायची, आणि विम्याचं प्रकरण मुळापासून समजून घ्यायचं.

मुलाला फोन केला तर तो म्हणाला, "बाबा, या वयात नवीन ड्रायव्हर म्हटल्यावर प्रीमियम केवढा लागेल याचा विचार केलात का?" त्याची भीती खोटी नव्हती. पुण्यात बारा वर्षं गाडी चालवलेला माणूस, पण तिथं त्याला नव्याने परीक्षा द्यावी लागली. अडतिसाव्या वर्षी तो तिथल्या हिशेबात नवशिका ठरला आणि विम्याचा आकडा पाहून त्याचे डोळे पांढरे झाले. तिथं विमा कंपनी आधी माणूस पाहते. वय किती, लायसन किती वर्षांचं, घर कोणत्या भागात, धंदा काय, वर्षाला किती मैल चालवणार. नवशिका असला की केस पांढरे असले तरी दर चढाच.

आपल्याकडे मी चौकशी केली, तर गणित वेगळंच निघालं. आपल्याकडे हिशेब मुख्यतः गाडीचा होतो. तो तुम्हाला माझ्याच उदाहरणावरून सांगतो. पेन काढा. सवय जात नाही, क्षमा असावी.

विम्याचे दोन मोठे भाग. पहिला थर्ड पार्टी, म्हणजे आपल्या गाडीने दुसऱ्याचं नुकसान झालं तर त्याची भरपाई. हा कायद्याने सक्तीचा. याचे दर सरकार अधिसूचित करतं आणि ते फक्त इंजिनच्या आकारावर ठरतात. १ जून २०२२ पासून लागू झालेले दर असे: खासगी कार १००० सीसीपर्यंत २,०९४ रुपये, १००० ते १५०० सीसी ३,४१६ रुपये, आणि त्यावर ७,८९७ रुपये. या तक्त्यात वयाचा रकानाच नाही. पंचविशीचा पोरगा असो की एकाहत्तरचा मी, रक्कम तीच.

दुसरा भाग ओन डॅमेज, म्हणजे आपल्या स्वतःच्या गाडीचं नुकसान. यात आधी गाडीची विमा किंमत काढतात, तिला आयडीव्ही म्हणतात. कंपनीची यादीतली किंमत धरायची आणि गाडीच्या वयाप्रमाणे घसारा वजा करायचा. एक ते दोन वर्षांच्या गाडीला २० टक्के, दोन ते तीन ३०, तीन ते चार ४०, चार ते पाच ५० टक्के. आमची गाडी ११९७ सीसीची, वय साडेचार वर्षं. किंमत ८ लाख धरली तर आयडीव्ही ४ लाख.

यावर दर किती? जुन्या अखिल भारतीय मोटार टॅरिफमध्ये देशाचे दोन झोन आहेत. 'ए' झोनमध्ये मुंबई, पुणे, दिल्ली अशी आठ मोठी शहरं. बाकी सगळा देश 'बी'. म्हणजे अमरावती 'बी' आणि अकोलाही 'बी'. निदान इथं तरी दोन शहरांत भांडण नाही! पाच वर्षांपर्यंतच्या, १००० ते १५०० सीसीच्या गाडीला 'बी' झोनचा दर ३.१९१ टक्के. ४ लाखांवर झाले १२,७६४ रुपये. २००७ पासून या भागाचे दर कंपन्यांना मोकळे केले आहेत, त्यामुळे त्या यावर सूट देतात, आणि ती प्रत्येक कंपनीची वेगळी असते. म्हणून एकाच एजंटच्या तोंडावर विसंबू नका, निदान तीन कोटेशनं घ्या. आपण हिशेबासाठी निम्मी सूट धरू. राहिले ६,३८२.

त्यात थर्ड पार्टीचे ३,४१६ मिळवा. मालक-चालकाच्या १५ लाखांच्या वैयक्तिक अपघात विम्याचे ३०० रुपये धरा. झाले १०,०९८. त्यावर १८ टक्के जीएसटी. एकूण ११,९१६ रुपये.

हाच हिशेब अगदी याच गाडीचा, पण ज्याने पाच वर्षं एकही क्लेम केला नाही अशा मालकाचा करू. त्याला ओन डॅमेजवर ५० टक्के नो क्लेम बोनस. त्याला पडतात ८,१५०. म्हणजे नवशिका म्हातारा आणि मुरलेला ड्रायव्हर यांच्यात फरक पावणेचार हजारांचा, आणि तोही वयामुळे नाही, बोनस नसल्यामुळे. मला मिळालेल्या तिन्ही कोटेशनांत माझं लायसन किती दिवसांचं आहे यासाठी एक रुपयाही जास्त लावलेला नव्हता. महिन्याला हजार रुपये झाले. रिक्षाला आमचे त्याहून जास्त जात होते.

आता या बोनसबद्दल. तो गाडीचा नसतो, माणसाचा असतो. मुलगा, भाऊ, मित्र यांची गाडी घेतली तर त्यांचा बोनस आपल्याला मिळत नाही, गाडीबरोबर येत नाही. मूळ मालक मात्र तो राखून आपल्या पुढच्या गाडीला लावू शकतो. पण पॉलिसी संपल्यावर ९० दिवसांत नूतनीकरण केलं नाही तर बोनस बुडतो. आमच्या मुलाचा ५० टक्के बोनस असाच बुडाला. चार महिन्यांच्या आळसाची किंमत.

एक अपवाद आहे आणि तो आपल्या सोसायटीत एका वहिनींच्या कामी आला. मालकाचा मृत्यू झाला आणि गाडी पत्नीकडे किंवा मुलांकडे आली, तर त्याचा बोनस वारसाला मिळतो. वहिनी त्रेसष्टाव्या वर्षी गाडी शिकल्या. भाऊ गेले तेव्हा गाडी त्यांच्याच नावावर होती. अशा वेळी आरटीओला ३० दिवसांत कळवायचं आणि तीन महिन्यांत नाव बदलायचं. विम्याची पॉलिसीही मृत्यूनंतर जास्तीत जास्त तीन महिने, किंवा तिची मुदत आधी संपत असेल तर तोपर्यंतच चालते. घरात दुःख असतं, कागद कोण पाहणार? म्हणून सांगतो, ते काम शेजाऱ्यांनी करावं. तेराव्यानंतर कोणीतरी जाऊन हळूच विचारावं, "वहिनी, गाडीचं आरसी बुक कुठं आहे?"

मुलाची गाडी आई-वडील वापरतात अशी घरं आपल्याकडे किमान पंधरा असतील. त्यांच्यासाठी दोन गोष्टी. गाडी मुलाच्याच नावावर असेल आणि पॉलिसी चालू असेल, तर वैध लायसन असलेल्या आई-वडिलांनी चालवायला हरकत नाही. पण मालक-चालकाचा तो १५ लाखांचा अपघात विमा मालकाचा असतो. गाडी तुम्ही चालवत असाल आणि मालक मुलगा असेल, तर त्या कलमाखाली तुम्हाला काही मिळत नाही. दुसरं, गाडी तुमच्या नावावर केलीत तर चौदा दिवसांत विमा कंपनीकडे अर्ज करून पॉलिसीही नावावर करा. आरसीवर बापाचं नाव आणि पॉलिसीवर मुलाचं, अशी स्थिती राहिली तर ओन डॅमेजचा क्लेम अडकतो. मी दिवाळीत मुलगा आला तेव्हा त्याच्या सह्या घेतल्या, आरसी माझ्या नावावर केलं आणि नवी पॉलिसी काढली.

आता शिकण्याबद्दल दोन शब्द. ड्रायव्हिंग स्कूलचा मास्तर आपल्या अकोटकडचा, माझ्या मुलापेक्षा लहान. पहिल्या दिवशी गाडी तीनदा बंद पडली. तो म्हणाला, "काकाजी, क्लच हयू हयू सोडा ना. घाई काहून करता? गाडी काई पयून नाई चालली." मी म्हटलं, "बाबू, मी छत्तीस वर्षं कर्ज सोडलं, तेही हयू हयूच सोडलं. पण हे जमत नाही." परीक्षेत पहिल्यांदा रिव्हर्समध्ये नापास झालो. एकाहत्तराव्या वर्षी नापास होण्यात वेगळीच मजा आहे, घरी मारायला कोणी नसतं. दुसऱ्यांदा पास झालो.

आणि आठव्या दिवशी गेटचा खांब. पुढचा बंपर फुटला. सगळे म्हणाले, विमा आहे ना, क्लेम करा. मी कागद घेऊन बसलो. बंपर ४,००० चा, मजुरी १,५०० ची. प्लास्टिकवर ५० टक्के घसारा, म्हणजे बंपरचे २,०००. मजुरी मिळून ३,५००. त्यातून सक्तीची वजावट १,००० रुपये. हातात येणार २,५००. आणि जाणार काय? बोनसची शिडी अशी आहे: २०, २५, ३५, ४५, ५०. पहिल्या वर्षी क्लेम केला की प्रत्येक पायरी एक वर्ष उशिरा मिळते. पाच वर्षांचा फरक बेरीज करा: २०, ५, १०, १०, ५. बरोबर ५०. म्हणजे विम्याची किंमत आहे तेवढीच धरली तर ओन डॅमेजच्या एका वर्षाच्या प्रीमियमचा निम्मा भाग जातो. पुन्हा तेच पावणेचार हजार. गाडीची किंमत दरवर्षी उतरते म्हणून थोडे कमी धरा. तरी अडीच हजारांसाठी हा सौदा तोट्याचा. मी खिशातून पैसे दिले.

नवशिक्यांनी 'शून्य घसारा' हे जादा कलम घ्यावं का, असं मला विचारतात. गाडी नवी असेल तर पहिली दोन-तीन वर्षं जरूर घ्यावं, कारण आपण खांबांना भेटणारच. आणि २०२२ पासून कमी चालवणाऱ्याला कमी प्रीमियम, अशीही सोय विमा नियामकाने मान्य केली आहे. आपलं चालवणं किती? भाजी, दवाखाना, अंबादेवी, कधी बडनेरा स्टेशन. कंपनीला विचारा, लाजू नका.

इथवरचं सगळं पैशाचं झालं. आता जे सांगायला मी खरं तर उभा राहिलो आहे, ते सांगतो.

विम्याच्या तक्त्यात वयाचा रकाना नाही, म्हणून मी प्रथम खूश झालो होतो. मग एका रात्री लक्षात आलं की त्या इंग्लंडच्या कंपनीने माझ्या मुलाला जे प्रश्न विचारले, ते मला कोणीच विचारले नाहीत. माझे डोळे कसे आहेत? रात्री समोरून दिवे आले की काय होतं? साखरेच्या गोळीनंतर चक्कर येते का? चाळिशीनंतर लायसनसाठी डॉक्टरचं प्रमाणपत्र लागतं, ते मी दिलं. पण पॉलिसी देणाऱ्याने माझ्याकडे पाहिलंही नाही. त्याने विचारलं नाही, याचा अर्थ प्रश्न नाही असा होत नाही. प्रश्न माझ्यावर सोपवला आहे, एवढाच त्याचा अर्थ.

आणि उत्तर चुकलं तर हिशेब मोठा आहे. पंचावन्नच्या पुढे लायसन पाच वर्षांचंच मिळतं. पूर्वीसारखी ३० दिवसांची सवलत आता नाही. मुदत संपल्यावर तुम्ही गाडी चालवली आणि अपघात झाला, तर गाडीच्या नुकसानीचा क्लेम तर नाकारलाच जाईल, शिवाय जखमी माणसाला दिलेली भरपाई कंपनी तुमच्याकडून वसूल करू शकते. सर्वोच्च न्यायालयाच्या २००४ च्या स्वर्ण सिंह निकालापासून ही रीत पक्की आहे: आधी पीडिताला द्या, आणि मालकाने जाणूनबुजून किंवा बेपर्वाईने अट मोडली असेल तर त्याच्याकडून घ्या. मृत्यूच्या भरपाईला मर्यादा नसते. मंडळी, मी आयुष्यभर वसुली केली आहे. वसुलीला आलेला माणूस तुमचं वय पाहत नाही, फ्लॅट आणि एफडी पाहतो. ज्यासाठी पंचवीस वर्षांपूर्वी आपण इथं हप्ते फेडले, तेच घर.

म्हणून मी स्वतःसाठी नियम केले आहेत. ते फ्रिजवर चिकटवले आहेत. लायसनची आणि पॉलिसीची तारीख मोठ्या अक्षरात, शेजारी ज्यांच्याकडे किल्ली असते त्यांचेही फोन नंबर. दरवर्षी वाढदिवसाला डोळे तपासायचे. काळोख पडल्यावर हायवेवर जायचं नाही. गाडी नियमित चालवायची, म्हणजे बॅटरी उतरत नाही. आणि शेवटचा नियम सौभाग्यवतींनी स्वतःच्या हाताने लिहिला आहे: 'मी म्हणेन त्या दिवशी किल्ली परत.' त्यावर अपील नाही.

मागच्या महिन्यात आम्ही दोघं गाडीने अकोल्याला गेलो, त्यांच्या बहिणीकडे. तो रस्ता तुम्हाला माहीत आहे. जून २०२२ मध्ये लोणी ते माना या पट्ट्यात एका लेनच्या हिशेबाने ७५ किलोमीटर डांबर १०५ तास ३३ मिनिटांत टाकून पूर्ण केलं आणि गिनीजमध्ये नाव गेलं. ज्या रस्त्याने मी एसटीच्या खिडकीत बसून बदलीच्या गावी जात असे, त्या रस्त्याने मी स्टिअरिंग धरून गेलो. मूर्तिजापूरला चहा प्यायलो. मागून सगळे हॉर्न वाजवत पुढे जात होते. बहिणीच्या दारात पोहोचलो तेव्हा सौभाग्यवती एवढंच म्हणाल्या, "साठच्या वर नाही गेलात, बरं केलंत." छत्तीस वर्षांच्या नोकरीत मला एवढी चांगली शेरेबुकातली नोंद मिळाली नाही.

तर मंडळी, ज्यांच्या गाड्या कव्हरखाली आहेत त्यांना माझी विनंती. शिकायचं असेल तर शिका, पैशाच्या भीतीने थांबू नका, तो आकडा तुम्ही पाहिलात. शिकायचं नसेल तर निदान आज घरी जाताना डॅशबोर्ड उघडा आणि पॉलिसीची तारीख वाचा. ज्यांना कागद समजत नाहीत त्यांनी रविवारी सकाळी दहा ते बारा माझ्याकडे यावं. फी नाही, चहा मिळेल.

आणि दुसऱ्या मजल्यावरच्या भाऊंना सर्वांसमोर सांगतो: त्या रात्रीचं देणं माझ्या कोणत्याच खात्यात बसत नाही. आता रात्री-बेरात्री तुमच्या घरी गरज पडली, तर दार वाजवा. लुंगीवर येईन, पण येईन. हायवेचा नियम त्या दिवशी बाजूला ठेवू.

रौप्यमहोत्सवाच्या सर्वांना शुभेच्छा. गेटच्या खांबाचा खर्च मी कार्यालयात भरला आहे, पावती क्रमांक सेक्रेटरी साहेबांकडे आहे.